१८७४३२.५१८ मिलिसेकंद म्हणजे नेमकं किती?

वाचकांचे प्रश्न : डेटाबेस

क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला, लागलेला वेळ माणसाला चटकन कळेल असा कसा दाखवायचा, यावर बरेच प्रश्न साठले होते, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. पत्रं वेगवेगळ्या डेटाबेसची असली तरी चुकांचं मूळ बहुतेक दोनच ठिकाणी सापडतं. आकडा कोणत्या एककात आहे हे न पाहता भागाकार सुरू होतो, नाहीतर आकड्याचा मजकूर गरजेपेक्षा फार लवकर करून टाकलेला असतो.

प्रश्न : पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएलमध्ये टायमिंग चालू केलं की माझ्याकडे ‘१८७४३२.५१८’ आणि पुढे मिलिसेकंद एवढंच येतं. शेजारच्या मशिनवरून त्याच सर्व्हरला जोडलं की कंसात मिनिटं-सेकंदही दिसतात. हे सेटिंग कुठे असतं? (पुणे)

उत्तर : सेटिंग नाही, आवृत्तीचा फरक आहे. हा वेळ सर्व्हर छापत नाही, तुमच्या मशिनवरचा क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी बोलणारा पीएसक्यूएल हा प्रोग्रॅम, छापतो. २०१७ मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून त्याने मिलिसेकंदांच्या शेजारी कंसात घड्याळी रूप द्यायला सुरुवात केली. एका सेकंदाच्या आतली क्वेरी असेल तर पूर्वीसारखे फक्त मिलिसेकंद. त्यापुढे तुमचा आकडा (०३:०७.४३३) असा दिसेल, तास ओलांडला की (०२:०३:०४.५६२), आणि चोवीस तासांपुढे आधी दिवसांचा आकडा येतो. तेव्हा सर्व्हरला हात न लावता फक्त क्लायंट नवा घ्या. नवा पीएसक्यूएल जुन्या सर्व्हरशी व्यवस्थित बोलतो.

सव्वा सेकंदाची क्वेरीसुद्धा (००:०१.२३५) अशी, मिनिटांच्या दोन शून्यांसकट येते. हे मुद्दाम केलेलं आहे. नुसतं ‘०१.२३५’ छापलं तर ते सेकंद आहेत की आणखी काही, हे सांगायला एककच उरत नाही. मूळ आकडा तसाच ठेवून घड्याळी रूप शेजारी देण्याची पद्धत आम्हाला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. स्क्रिप्टला आकडा मिळतो, माणसाला मिनिटं मिळतात.

जुनाच क्लायंट वापरावा लागत असेल तर हिशोब हाताने करा. ७३८४५६२ मिलिसेकंद घ्या. शेवटचे तीन अंक बाजूला काढले की ७३८४ सेकंद आणि ५६२ मिलिसेकंद. ७३८४ ला ३६०० ने भागलं की २ तास, बाकी १८४. त्याला ६० ने भागलं की ३ मिनिटं, बाकी ४. म्हणजे २ तास ३ मिनिटं ४.५६२ सेकंद.

आणखी एक खोच. ‘बॅकस्लॅश टायमिंग’ ही आज्ञा नुसती दिली तर ती चालू-बंद असा टॉगल करते. तुमच्या होम फोल्डरमधल्या पीएसक्यूएल-आरसी फाइलमध्ये ती आधीच असेल आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीलाही तुम्ही लिहिलीत, तर टायमिंग बंद होतं आणि वेळ का दिसत नाही हे शोधत बसावं लागतं. दोन्हीकडे पुढे ‘ऑन’ लिहा, म्हणजे भानगड नाही.

प्रश्न : पण हाच वेळ ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’मधल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त येतो. खरा कोणता? (तेच पत्र)

उत्तर : दोन्ही खरे, मोजलेली गोष्ट वेगळी. टायमिंगमध्ये क्वेरी पाठवल्यापासून निकाल क्लायंटच्या हाती येईपर्यंतचा वेळ धरलेला असतो, म्हणजे नेटवर्कसुद्धा. ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ ही टप्प्याटप्प्याचा वेळ दाखवणारी आज्ञा सर्व्हरवर क्वेरी चालवते, पण ती निकालाच्या ओळी क्लायंटकडे पाठवतच नाही. दोन लाख ओळी घरच्या व्हीपीएनवरून खेचत असाल तर हा फरक काही सेकंदांचा सहज होतो. रिपोर्टमध्ये एकच आकडा द्यायचा असेल तर तो कुठे मोजला हे शेजारी लिहा.

‘एक्सप्लेन’ वाचताना ‘लूप्स’कडेही (फेऱ्यांच्या संख्येकडे) नजर असू द्या. प्रत्येक टप्प्यापुढचा वेळ एका फेरीचा सरासरी असतो. ०.०५० मिलिसेकंद आणि लूप्स ४०,००० असं लिहिलं असेल तर त्या टप्प्याने २,००० मिलिसेकंद, म्हणजे पूर्ण दोन सेकंद खाल्ले. दिसायला तो सगळ्यांत निरुपद्रवी आकडा असतो.

प्रश्न : आमच्या पीएचपी ॲपमध्ये दोन मिनिटांची क्वेरी रिपोर्टवर ‘०५:३२:००’ अशी दिसते. क्लाउडवरच्या टेस्ट सर्व्हरवर मात्र ‘००:०२:००’ बरोबर येतं. मोजमाप तपासलं, १२० सेकंदच आहेत. (नाशिक)

उत्तर : जास्तीचे साडेपाच तास पाहिले की काही तपासायचीच गरज नाही, हा भारतीय प्रमाणवेळेचा शिक्का आहे. तुमच्या कोडमध्ये १२० हा आकडा तारखेच्या ‘डेट’ फंक्शनला दिला आहे. ते फंक्शन त्याचा अर्थ ‘१ जानेवारी १९७०, ग्रिनिचच्या मध्यरात्रीनंतर १२० सेकंद’ असा लावतं आणि तो क्षण कोलकाता टाइमझोनमध्ये दाखवतं. त्या क्षणी आपल्याकडे सकाळचे पाच बत्तीस झालेले होते. क्लाउडचा सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे ग्रिनिचच्या प्रमाणवेळेवर असतो, म्हणून तिथे चूक झाकली जाते.

जावास्क्रिप्टमध्ये ‘डेट’ ऑब्जेक्टला मिलिसेकंद देऊन, किंवा जावामध्ये ‘सिंपल-डेट-फॉरमॅट’ वापरून हीच चूक होते. लंडनच्या टाइमझोनमध्ये ‘०१:०२:००’ दिसतं, शून्य तास नाही, कारण १९६८ ते १९७१ या काळात ब्रिटनने घड्याळं बारा महिने एक तास पुढे ठेवली होती आणि १९७० चा पहिला दिवस नेमका त्यात येतो.

पीएचपीत ‘जीएमडेट’ वापरलं की साडेपाच तास जातात, पण ते ठिगळ झालं. चोवीस तासांनंतर तेही पुन्हा शून्यावर येतं: सव्वीस तासांचं काम ‘०२:००:००’ दिसतं, आणि रात्रभर अडकलेला जॉब रिपोर्टमध्ये दोन तासांचा म्हणून सुटतो. कालावधी म्हणजे तारीख नव्हे. वर दाखवला तसा भागाकार आणि बाकी वापरून दहा ओळींचं फंक्शन लिहा आणि तारखेची फंक्शनं त्यातून पूर्ण काढून टाका.

मोजतानाही घड्याळाची वेळ घेऊ नका. सर्व्हरचं घड्याळ एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीने) मागे-पुढे सरकतं आणि कधी कधी उणे वेळ येतो. पीएचपी ७.३ पासून ‘एचआरटाइम’ आहे, पायथनमध्ये ‘पर्फ_काउंटर’, जावामध्ये ‘नॅनोटाइम’, ब्राउझरमध्ये ‘परफॉर्मन्स डॉट नाऊ’. ही घड्याळं किती वाजले ते सांगत नाहीत, फक्त पुढे चालतात, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

प्रश्न : आमच्या रिपोर्टमध्ये कधीतरी ‘१ मि. ६० से.’ असं येतं. रोज येत नाही, म्हणून सापडत नाही. (कोल्हापूर)

उत्तर : ११९.७ सेकंद देऊन बघा, लगेच सापडेल. तुमचं फंक्शन आधी मिनिटं काढतं: ११९.७ भागिले ६०, पूर्णांक भाग १. बाकी राहिली ५९.७. मग छापताना ५९.७ चे पूर्णांकात ६० होतात. मिनिट आधीच ठरून बसलेलं असल्यामुळे हातचा घ्यायला कुणी उरत नाही.

क्रम उलटा करा. सगळ्यांत लहान कोणतं एकक दाखवायचं ते ठरवा, पूर्ण कालावधी त्या एककात पूर्णांक करून घ्या, आणि त्यानंतर भागाकार आणि बाकी करा. ११९.७ चे आधी १२० होतील, मग २ मिनिटं ० सेकंद. एकदा पूर्णांक झाला की पुढे दशांशाला हात लावायचा नाही.

याच चुकीचा एक चुलतभाऊ आहे. ‘६० पेक्षा कमी असेल तर एका दशांशासह सेकंद दाखव’ अशी अट असेल आणि ५९.९६ आले, तर अट ‘कमी आहे’ म्हणते आणि छपाई ‘६०.० सेकंद’ म्हणते. ९९९.७ मिलिसेकंदांचे ‘१००० मिलिसेकंद’ होतात तेही असंच. म्हणून अटसुद्धा पूर्णांक केलेल्या आकड्यावरच लावा. फंक्शन लिहून झालं की निदान हे आकडे त्याला चारा: ०, ०.४ मिलिसेकंद, ९९९.४ आणि ९९९.७ मिलिसेकंद, ५९.९४ आणि ५९.९६ सेकंद, ११९.७, ३५९९.६, ८६३९९.९ सेकंद, आणि एक उणे आकडा. उण्यासाठी चिन्ह आधी बाजूला काढा. पायथनमध्ये उणे ५ ला ६० ने भागल्यावर बाकी ५५ येते आणि सी भाषेत उणे ५, त्यामुळे एकीकडून दुसरीकडे उचललेलं कोड इथे दगा देतं.

पूर्ण झालेल्या क्वेरीचा वेळ जवळच्या पूर्णांकाला न्यावा. चालू असलेल्या क्वेरीचं घड्याळ मात्र खालच्या पूर्णांकावर ठेवा. ५९.६ सेकंदांना ‘१ मिनिट’ दाखवणारं चालू घड्याळ बघणाऱ्याला खोटं वाटतं, आणि ते असतंही.

प्रश्न : मायएसक्यूएलच्या क्लायंटमध्ये सगळ्या क्वेरी ‘०.०० सेकंद’ दाखवतात, तरी पान उघडायला दोन सेकंद लागतात. (ठाणे)

उत्तर : तो क्लायंट सेकंदाचे दोनच दशांश दाखवतो, त्यामुळे ४ मिलिसेकंदांची क्वेरी शून्यच दिसणार. मारियाडीबीच्या क्लायंटमध्ये तीन दशांश येतात, तिथे ०.००४ दिसेल. आता पानामागे अशा किती क्वेरी चालतात ते मोजा. पाचशे असतील तर पाचशे गुणिले ४ म्हणजे तुमचे दोन सेकंद झाले. यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी वेगळी क्वेरी मारणारं कोड असेल तर हेच होतं.

खात्रीसाठी टेस्ट सर्व्हरवर ‘लाँग_क्वेरी_टाइम’ ही मंद क्वेरी ठरवणारी मर्यादा शून्य करून स्लो लॉग (मंद क्वेरींची नोंद) चालू करा. त्यात सेकंदांचे सहा दशांश येतात. ग्लोबल सेटिंग बदललं तरी आधीपासून उघडी असलेली कनेक्शन्स जुन्याच मर्यादेवर राहतात, म्हणून ॲप पुन्हा सुरू करा. आणि काम झालं की मर्यादा परत वर न्या, नाहीतर डिस्क भरेल.

प्रश्न : मायएसक्यूएलच्या परफॉर्मन्स स्कीमामधले वेळ प्रचंड मोठे का असतात? आणि ते ‘फॉरमॅट_पिको_टाइम’मधून काढले तर ‘३.१५ मिनिटं’ येतं, पण लॉगमध्ये तीन मिनिटं नऊ सेकंद आहेत. (पणजी)

उत्तर : ते आकडे पिकोसेकंदांत असतात. एका सेकंदात एकावर बारा शून्यं इतके पिकोसेकंद. मिलिसेकंद हवे असतील तर एकावर नऊ शून्यांनी भागा, सेकंद हवे असतील तर बारा शून्यांनी. ‘फॉरमॅट_पिको_टाइम’ ८.०.१६ पासून आलं, त्याआधी ‘सिस’ स्कीमामधलं ‘फॉरमॅट_टाइम’ तेच काम करायचं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या टिंबात आहे. १८८७३२३९६६६२००० पिकोसेकंद म्हणजे १८८.७३ सेकंद. त्याला ६० ने भागलं की ३.१४५५, दोन दशांशांत ३.१५ मिनिटं. हे दशांश मिनिट आहे, तीन मिनिटं पंधरा सेकंद नव्हे. ०.१५ मिनिट म्हणजे ९ सेकंद. मिनिट आणि तास ही साठाची एककं आहेत, त्यांना दशांश चिकटवला की वाचणारा हमखास ‘सव्वातीन मिनिटं’ वाचतो. सेकंद आणि त्याखाली दशांश चालतो, मिनिटापासून वर चालत नाही, असं आमचं ठाम मत आहे. त्यामुळे हे फंक्शन पटकन नजर टाकायला वापरा. बैठकीत दाखवायच्या रिपोर्टसाठी पिकोसेकंद घेऊन स्वतः भागा.

‘सेक_टू_टाइम’ वापरणार असाल तर ध्यानात ठेवा की मायएसक्यूएलचा टाइम प्रकार ८३८:५९:५९ ला संपतो. एका क्वेरीला एवढा वेळ कुणी देत नाही, पण महिन्याभराच्या सगळ्या क्वेरींची बेरीज त्यात घातली की आकडा तिथेच अडकतो आणि दर महिन्याला एकच बेरीज कशी येते असा प्रश्न पडतो.

प्रश्न : एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘टोटल_इलॅप्स्ड_टाइम’ ४५२३८७१ आहे. कुणी म्हणतं साडेचार सेकंद, कुणी म्हणतं सव्वा तास. (नागपूर)

उत्तर : तो कॉलम कोणत्या व्ह्यूमधून (टेबलासारख्या तयार यादीतून) घेतला त्यावर अवलंबून आहे, आणि हीच त्यातली गंमत आहे. एकाच नावाचा कॉलम दोन ठिकाणी आहे. चालू क्वेरींच्या ‘डीएम_एक्झेक_रिक्वेस्ट्स’मध्ये तो मिलिसेकंदांत असतो, म्हणजे ४५२३.८७१ सेकंद, १ तास १५ मिनिटं २३ सेकंद आणि वर थोडे. पूर्ण झालेल्या क्वेरींच्या ‘डीएम_एक्झेक_क्वेरी_स्टॅट्स’मध्ये तोच कॉलम मायक्रोसेकंदांत असतो, म्हणजे ४.५२ सेकंद. हजारपटीचा फरक. शिवाय दुसऱ्या व्ह्यूमधला आकडा सगळ्या वेळांची बेरीज असतो, तेव्हा सरासरीसाठी ‘एक्झिक्युशन_काउंट’ने भागायला हवं. भागताना १००० न लिहिता १०००.० लिहा. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की १५०० चे दीड न होता १ होतात.

स्वतःच्या टेबलात वेळ साठवताना कॉलमच्या नावातच एकक घाला: ‘वेळ_एमएस’, ‘वेळ_यूएस’. तीन अक्षरांचा त्रास आहे, पण वर्षभराने पाहणाऱ्याला असा वाद घालावा लागत नाही.

‘डेटडिफ’बद्दलही सांगून टाकतो. ते फंक्शन गेलेला वेळ मोजत नाही, ओलांडलेल्या रेषा मोजतं. १०:००:५९ ते १०:०१:०० या एका सेकंदासाठी मिनिटांत विचारलंत तर उत्तर १ येतं. म्हणून नेहमी मिलिसेकंदांत फरक घ्या आणि भागाकार स्वतः करा. मिलिसेकंदांत घेताना वरची मर्यादा २४ दिवस २० तास ३१ मिनिटं २३.६४७ सेकंद. त्यापुढे आकडा बत्तीस बिटांत मावत नाही आणि एरर येतो. २०१६ च्या आवृत्तीपासून ‘डेटडिफ_बिग’ आहे, ते वापरा. तुमच्या स्वतःच्या टेबलातला मिलिसेकंदांचा कॉलम ‘इंट’ प्रकारचा असेल तर त्यालाही हीच मर्यादा लागू आहे.

सीपीयूचा वेळ एकूण वेळेपेक्षा जास्त दिसला म्हणून घाबरू नका. क्वेरी अनेक कोअरवर समांतर चालली असेल तर सगळ्यांचा सीपीयू वेळ बेरजेत येतो.

प्रश्न : पोस्टग्रेसमधल्या एका फंक्शनच्या सुरुवातीला आणि शेवटी ‘नाऊ’ची नोंद ठेवली, फरक नेहमी शून्य येतो. (बंगळूरु)

उत्तर : ‘नाऊ’ म्हणजे चालू ट्रॅन्झॅक्शन (एकत्र पार पडणारा कामांचा गट) सुरू झालं तो क्षण, तो ट्रॅन्झॅक्शनभर बदलत नाही. तुमचं फंक्शन एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये चालतं. ‘क्लॉक_टाइमस्टॅम्प’ घ्या.

मग येणारा फरक ‘इंटरव्हल’ प्रकारचा असतो आणि तो दाखवताना दुसरी अडचण येते. दोन टाइमस्टॅम्प वजा केले की पोस्टग्रेस दिवस वेगळे काढतो: ‘१ दिवस ०३:४६:४०’ अशा रूपात. त्याला ‘टू_कॅर’ने फक्त तास, मिनिटं, सेकंदांचा साचा दिला तर दिवस गुपचूप गळतो आणि ०३:४६:४० उरतं. उलट १००००० सेकंद ‘मेक_इंटरव्हल’ला दिले तर २७:४६:४० असं एकसंध येतं, दिवस होत नाही. ते दिवसांत हवं असेल तर ‘जस्टिफाय_अवर्स’ लावा. सेकंदाचे दशांश नको असतील तर ‘डेट_ट्रंक’ला ‘सेकंद’ सांगून इंटरव्हल द्या. ते छाटतं, जवळच्या पूर्णांकाला नेत नाही.

क्वेरींची आकडेवारी ठेवणाऱ्या ‘पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स’मधले वेळ मिलिसेकंदांत असतात, म्हणून ‘मेक_इंटरव्हल’ला देण्याआधी १००० ने भागायला विसरू नका. जुनी क्वेरी ‘टोटल_टाइम’ नावाचा कॉलम मिळत नाही म्हणत असेल तर तेराव्या आवृत्तीपासून त्याचं नाव ‘टोटल_एक्झेक_टाइम’ झालं आहे.

प्रश्न : सर्वांत मंद क्वेरी वर याव्यात म्हणून एक्सेलमध्ये वेळेच्या कॉलमवर सॉर्ट केलं, तर ‘९ मि.से.’ सगळ्यांत वर आणि ‘१ तास २ मि.’ खाली. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मजकुराचं सॉर्टिंग पहिल्या अक्षराकडे बघतं, नऊ एकापेक्षा मोठा. एक्सेलमध्ये सेकंदांचा नुसता आकडा असलेला कॉलम जाऊ द्या, सॉर्टिंग, सरासरी, बेरीज सगळं त्याच्यावर करा. दाखवण्यासाठी शेजारच्या कॉलममध्ये सेकंद भागिले ८६४०० घ्या, कारण एक्सेलला एक दिवस म्हणजे १. त्या कॉलमला वेळेचा फॉरमॅट देताना तासांचं अक्षर चौकोनी कंसात घाला. कंस नसेल तर २७ तासांचे ३ तास दिसतात. ‘०१:२३’ असा मजकूर कधीही आत घेऊ नका, एक्सेल त्याला एक तास तेवीस मिनिटं समजतो, तुमच्या मनात एक मिनिट तेवीस सेकंद असले तरी.

प्रश्न : आमच्या ॲपचा पडदा मराठीत आहे. वेळ मराठीत कसा लिहावा, आणि किती बारीक दाखवावा? (सातारा)

उत्तर : आधी संक्षेपांचं बघू. ‘१२ मि. ५ से.’ आणि ‘१२ मि.से.’ हे एकाच पडद्यावर आले तर मधली एक मोकळी जागा साठ हजार पटींचा फरक ठरवते, आणि छोट्या फाँटात ती जागा दिसतच नाही. म्हणून मिलिसेकंदासाठी ‘मिलिसे.’ किंवा पूर्ण शब्द वापरा, ‘मि.’ फक्त मिनिटाला ठेवा. पूर्ण शब्द वापरणार असाल तर मराठी सोपी आहे: तास, दिवस, सेकंद अनेकवचनातही तसेच राहतात, एकट्या मिनिटाचं मिनिटं होतं. पण ‘क्वेरी अमुक वेळात पूर्ण झाली’ असा वाक्याचा साचा केलात की १ मिनिटात, २ मिनिटांत, ५ सेकंदांत, ३ तासांत असे प्रत्यय लावत बसावं लागेल. ‘लागलेला वेळ :’ असं लेबल देऊन पुढे वेळ लिहा, विभक्तीचा प्रश्नच येत नाही.

देवनागरी अंक पडद्यावर जरूर दाखवा, लॉगमध्ये नको. ब्राउझरच्या अंक-फॉरमॅटरला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाचं सेटिंग) दिलं की तो आपणहून देवनागरी अंक देतो आणि लाखाच्या पद्धतीने स्वल्पविरामही घालतो: १,८७,४३२. तेच सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे करणाऱ्या फाइलमध्ये) गेलं की एका आकड्याचे तीन कॉलम होतात, आणि डेटाबेस देवनागरी अंकांना संख्या मानत नाही. साच्यात कोलन टाइप करताना मराठी कळफलकावरून विसर्ग तर पडला नाही ना, तेही बघा. ‘०३ः०७’ आणि ‘०३:०७’ डोळ्यांना सारखेच, पण पहिल्याचा वेळ म्हणून अर्थ लावायला कुठलंच फंक्शन तयार होत नाही.

बारकाईबद्दल आमचा नेम असा. एका मिलिसेकंदाच्या आत असेल तर ‘१ मिलिसेकंदापेक्षा कमी’. सेकंदाच्या आत पूर्ण मिलिसेकंद, दशांश नको. दहा सेकंदांपर्यंत दोन दशांश, मिनिटापर्यंत एक. मिनिटानंतर मिनिटं आणि सेकंद, तासानंतर तास आणि मिनिटं, दिवसानंतर दिवस आणि तास. एका वेळी दोनच एककं. सहा तासांच्या कामात शेवटच्या तीन मिलिसेकंदांना काही अर्थ नसतो. यादीत एकाखाली एक वेळ असतील तर मात्र सगळ्या ओळींना एकच रूप द्या आणि उजवीकडे टेकवा, नाहीतर नजरेला तुलना करता येत नाही. नेमका आकडा मिलिसेकंदांत माउस नेल्यावर दिसू द्या.

चालू क्वेरीचं घड्याळ पहिल्या सेकंदानंतरच दाखवा. वापरणाऱ्याचं लक्ष सुटायला लागतं ते साधारण एका सेकंदानंतर आणि दहा सेकंदांनी तो दुसरीकडे वळतो, हे वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी सांगितलेले टप्पे इथे कामी येतात. घड्याळ सेकंदाला एकदाच बदला, आणि दर वेळी त्यात एक मिळवू नका. सुरुवातीचा क्षण जपून ठेवा आणि प्रत्येक वेळी त्यापासूनचा फरक नव्याने काढा. मागे गेलेल्या टॅबमधले टायमर ब्राउझर मंद करतो. एक-एक मिळवत गेलेलं घड्याळ तिथून परत आल्यावर मागे पडलेलं असतं.

प्रश्न : ओरॅकलच्या एसक्यूएल-प्लसमध्ये ‘सेट टाइम ऑन’ दिलं, तरी क्वेरीचा वेळ येत नाही. प्रॉम्प्टपुढे घड्याळ तेवढं आलं. (सोलापूर)

उत्तर : ‘सेट टायमिंग ऑन’ द्या. मग तास, मिनिटं, सेकंद आणि सेकंदाचे शंभरावे भाग अशा रूपात लागलेला वेळ येईल. ‘व्ही-डॉलर-एसक्यूएल’मधला ‘इलॅप्स्ड_टाइम’ बघणार असाल तर तो मायक्रोसेकंदांत असतो आणि सगळ्या वेळा मिळून साठलेला असतो. क्वेरी समांतर चालली असेल तर मदतनीस प्रोसेसचा वेळही त्यात मिळवलेला असतो, त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळापेक्षा तो मोठा निघू शकतो. दोन तारखा वजा करून वेळ काढत असाल तर ओरॅकल उत्तर दिवसांत देतो. सेकंदांसाठी त्याला ८६४०० ने गुणा.